घोड्याचे कान वाचणारी आक्का

आक्का,

तुझ्या घरी दुखवट्याला येणारा प्रत्येक जण तेच बोलून जातो. "मुक्या जनावरांवर लई जीव होता हो म्हातारीचा." वडगावातल्या तुझ्या सोप्यात सतरंजीवर बसून मी हे गेले काही दिवस ऐकतेय. दर वेळी वाटतं, तू आतल्या खोलीतून बाहेर येशील, त्या माणसाच्या ओठांकडे बघशील आणि म्हणशील, "जीव बीव काय न्हाय बाबा. त्यास्नी जरा उगं ऱ्हाऊ दिलं, एवढंच."

जनावरांची सरकारी डॉक्टर म्हणून जनावरांवर जीव असणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. त्यातली बरीचशी गळ्यात पडायला धावतात आणि लाथ खाऊन परत येतात. तू तशी नव्हतीस. तुझ्यासारखं दुसरं माणूस मला भेटलं नाही, आणि हे तुला तोंडावर सांगायचं राहून गेलं. तुला ऐकू येत नव्हतं ही सबब पुरेशी नाही. तू ओठ वाचत होतीस.

आपली गाठ पडली ती पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगणात. कुणीतरी रस्त्यावर चोरून घोडागाड्यांची शर्यत लावली होती. पोलीस आल्यावर माणसं पळाली आणि तीन तट्टं मागे राहिली. त्यांची तपासणी करायला मला बोलावलं होतं. एक म्हातारा करडा घोडा, एक पांढुरका तरणा, आणि एक लालसर घोडी. तिघंही उन्हात बांधलेली. गोशाळेनं सांगितलं होतं, आम्ही फक्त गाई घेतो. तू रेशन कार्ड हरवल्याची तक्रार द्यायला आली होतीस आणि चुकून मागच्या दारानं बाहेर पडलीस.

तू बराच वेळ नुसती बघत उभी राहिलीस. मग फौजदाराला म्हणालीस, "पिरनवाडीला माझी पत्र्याची शेड मोकळी हाय. तितं बांधा."

तो हसला आणि कन्नडमध्ये म्हणाला, "अज्जी, इवु दना अल्ल, कुदुरे."

तू माझ्याकडे वळलीस. "काय म्हणतोय गं ह्यो?"

"म्हणतोय, ही गुरं न्हाईत, घोडी हाईत."

"ते मला दिसतंय की," तू म्हणालीस, "मी बहिरी हाय, आंधळी न्हाय."

मग मला विचारलंस, "कुठली गं तू?" निपाणीची म्हटलं. "कुणाची?" मी ताठ झाले. आमच्या भागात ह्या प्रश्नाचा अर्थ मला लहानपणापासून पाठ होता. आई तंबाखूच्या वखारीत मजुरीला जायची, आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, हे सगळं मी एका दमात सांगून टाकलं, भांडायच्या तयारीनं. तू माझे ओठ नीट वाचलेस आणि म्हणालीस, "तसं न्हवं गं. तुमच्या घरात कुणी घोडी पाळलीत का, इचारत होते. मला त्यातलं काय बी कळत न्हाय."

मलाही फारसं कळत नव्हतं. गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या, हे माझं रोजचं काम. घोडं पुस्तकात वाचलेलं. पण ते मी तुला सांगितलं नाही.

त्या शेडमध्ये पूर्वी तुमचे साड्यांचे यंत्रमाग चालायचे. माग विकले गेले, नवरा गेला, शेड रिकामी राहिली. चाळीस वर्षं त्या खडखडाटात राहून तुझे कान गेले होते. तुमच्यात सगळ्याच बाया ओठ बघून बोलायच्या, असं तू सांगायचीस. घोड्यांना नावं दिलीस तीही साडीच्या रंगांची. करडा म्हातारा राखी, पांढुरका मोतिया, आणि लालसर घोडी डाळिंबी.

मोतियाबद्दल आधी लिहायला हवं, आक्का. तो विषय आपण दोघींनी इतकी वर्षं टाळला.

त्याच्या मागच्या पायाला जखम होती आणि तिच्यात अळ्या पडल्या होत्या. शेडमध्ये आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी चार माणसं आणि दोर घेऊन आले. तू दारात आडवी उभी राहिलीस. "आज नको. बग त्येचे कान. मागं चिकटल्यात. त्यो भ्यालाय. उद्या सकाळी ये, तवर मी बसते त्येच्याजवळ."

"आक्का, अळ्या थांबत नाहीत," मी म्हणाले.

"एक रात थांबतील की गं."

मी थांबले नाही. चौघांनी दोर टाकून त्याला खाली पाडलं. तो धडपडला, ओरडला, मग एकाएकी सैल पडला. मी छातीवर दाब दिला, इंजेक्शन दिलं. तो उठला नाही. शवविच्छेदन मीच केलं. फुप्फुसं आधीच खराब होती, आणि ते खोटं नव्हतं. मी तुझ्यासमोर उभी राहून स्पष्ट ओठांनी म्हणाले, "तो तसाही वाचला नसता."

तू म्हणालीस, "आसंल."

त्या एका शब्दावर मी किती दिवस घालवले आहेत, तुला कल्पना नाही. तू रागावली असतीस तर मी भांडले असते. माझ्याकडे मुद्दे होते. पण तू मोतियाच्या डोळ्यांवरून हात फिरवून ते मिटायचा प्रयत्न केलास, मग त्या चारही माणसांना पाणी दिलंस आणि मलाही दिलंस.

राखीला फारसं काही झालं नव्हतं. उरली डाळिंबी. तिच्या तोंडात काटेरी लगाम घातलेला होता. लोखंडाच्या कांबीला काटे असतात, ओढलं की हिरडीत घुसतात, आणि त्या दुखण्यानं जनावर जिवाच्या आकांतानं पळतं. लगाम निघाला होता, पण आतली जखम कुजत चालली होती. लाळेला घाण वास यायचा. गवत चावून अर्धवट बोळे ती खाली टाकायची. बरगड्या मोजता येत होत्या. आणि माणसाचा हात मानेच्या वर गेला की ती भिंतीवर धडकायची. तोंड तपासायला गुंगीचं इंजेक्शन द्यावं म्हटलं, तर तेही देण्याआधी तिला धरावं लागणारच.

मी भिजवलेल्या भुशाच्या आंबोणातून औषध चालू केलं आणि तुला सांगितलं, "येत्या शनिवारपर्यंत. त्याच्यापुढं मी थांबू शकत नाही. मग दोर."

तू मान हलवलीस.

तुझी पद्धत बघून मला आधी हसू यायचं आणि मग राग. तू शेडच्या मधोमध पालथ्या बादलीवर डाळिंबीकडे पाठ करून बसायचीस आणि पावटे सोलायचीस. तासन्‌तास. तिच्याकडे बघायचंही नाही. खायला हातात घेऊन बोलावायचं नाही. मी म्हटलं, "गुळाचा खडा तरी दाखव." तू म्हणालीस, "मग ती गुळाजवळ यील. माझ्याजवळ कुठं आली?"

तिसऱ्या दिवशी मी शेडच्या गजांच्या दाराबाहेर उभी होते. डाळिंबीनं मान खाली केली, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. तुझ्या पाठीपासून चार हातांवर आली. आणि तू पावट्याचं सुपडं उचलून सरळ बाहेर निघून आलीस.

"आक्का! ती येत होती की!" मी जवळजवळ ओरडले.

"व्हय. म्हणून तर उठले."

"म्हणजे?"

"तिच्याजवळ जो आला त्यो कायतरी करायलाच आला. मारायला, न्हायतर बांधायला. काय बी न करता उठून जाणारं माणूस तिनं कधी बघितलंय? ते बघू दे तिला."

तू तिच्याकडे बघत नसताना तुला कसं कळलं की ती आली, हे मी विचारलं होतं. तू समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलंस. सकाळच्या उन्हात तिची सावली पडत होती. तू सावलीतले कान बघत होतीस. "मला ऐकू येत न्हाय, म्हणून मी कान बघते," तू म्हणालीस. "तुमी ऐकणारी माणसं कानाकडं बघतच न्हाई." त्या दिवसापासून मी गोठ्यात शिरले की आधी जनावराचे कान बघते. हे मला बिदरच्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं असेल तर मी ऐकलं नव्हतं.

शनिवारी मी जीपमध्ये दोर टाकून आले. तू पदर हातावर ओढून बसली होतीस. उकाड्यात पदर इतका कशाला, म्हणून मी तो बाजूला केला. कोपराखाली दातांच्या खुणा, काळानिळा झालेला हात, वर हळद.

"कधी चावली?"

"काल."

"काय केलंस तू?"

"तोंडाला म्होरकी घालाय गेले." मग तू म्हणालीस, "तिची चूक न्हाय. म्या घाई केली. तुझ्या शनवारपायी."

तू मला दोष दिलास असं म्हणता येईल तर ते एवढंच वाक्य. मी दोर जीपमधून काढले नाहीत. तुझा हात धुऊन पट्टी बांधली, टिटॅनसचं इंजेक्शन घ्यायला तुला माणसांच्या दवाखान्यात नेलं आणि परत येताना म्हणाले, "बघू. तुझ्या पद्धतीनं बघू." तुझी त्यावरची पहिली प्रतिक्रिया आठवते का? "मग ते दोर परत आणू नको. तिला जीपमदलं दिसतंय."

त्यानंतरचे दिवस मला एखाद्या चांगल्या शिक्षणासारखे आठवतात. पट्टी बांधलेल्या हातानं तू पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंस. पाठ करून बसणं. उठून जाणं. एके सकाळी तिनं तुझ्या अंबाड्याचा वास घेतला. दुसऱ्या दिवशी खांद्यावर हनुवटी टेकवली आणि तुझं लुगडं लाळेनं भिजलं. तू हललीही नाहीस. मी नाकाला रुमाल लावून बाहेर उभी होते आणि तू त्या घाणीत देवळात बसल्यासारखी बसली होतीस. पुढे तू तिच्या मानेवर हात ठेवायला लागलीस, मग गालावर, मग ओठावर. प्रत्येक वेळी ती मागे सरण्याच्या आधी तूच हात काढून घ्यायचीस. मग बोटाला कोमट मीठपाणी लावून हिरडीवर. तिनं डोकं झटकलं की त्या दिवसाचं काम संपलं.

आणि मग तो दिवस. तिचा ताप वाढला होता. मला खात्री होती की लगाम बसतो त्या जागी, पुढच्या आणि मागच्या दातांच्या मधे, हाडाची किरच मोडून आत राहिली आहे. ती निघाल्याशिवाय जखम भरणार नाही. मी आत आले तर ती भडकणार. म्हणून तू आत आणि मी गजांबाहेर. मी आवाज न काढता नुसते ओठ हलवत होते आणि तू वाचत होतीस. डाव्या बाजूला. आणखी आत. जीभ बाजूला कर. अंगठा दातांखाली जाऊ देऊ नकोस. शेडमध्ये अजिबात आवाज नव्हता. दोन बाया बोलत होत्या आणि घोडीला त्याचा पत्ता नव्हता. तू बहिरी नसतीस तर हे जमलं नसतं, आक्का. मला ते तेव्हाच जाणवलं.

तुझ्या चेहऱ्यावरून कळलं की बोटाला काहीतरी टोचलं. मी ओठांनी म्हटलं, सरळ ओढ, पिळू नकोस. मागावर तुटलेला धागा चिमटीत धरायची तुझी सवय. तू डोळे मिटलेस आणि ओढलंस.

डाळिंबी किंचाळून मागे उसळली. शेडभर दोन फेऱ्या मारल्या. पत्रा दणाणला. तू जागच्या जागी उभी, हात खाली, नजर जमिनीवर. मला वाटलं, संपलं, इतक्या दिवसांचं सगळं गेलं. ती कोपऱ्यात थांबली. धापा टाकत होती, तोंडातून रक्त आणि पू ठिबकत होता. मग एक कान पुढे आला. मग दुसरा. आणि ती चालत तुझ्याकडे परत आली आणि कपाळ तुझ्या छातीला लावून उभी राहिली.

तू मूठ उघडून मला दाखवलीस. करंगळीच्या पेराएवढी हाडाची किरच. "सापडलं बग टोक," तू म्हणालीस. मग तू लिदीतच बसकण मारलीस आणि हसायला लागलीस. मी रडत होते. तू म्हणालीस, "आगं, आता का रडतीस? निघाली की!"

पंधरा दिवसांत ती कडबा खाऊ लागली.

पुढची काही वर्षं आपण बरंच भांडलो, आणि त्यातलं एक भांडण अजून मिटलेलं नाही. डाळिंबीचा आधीचा मालक शेडवर आला होता ना, सदलग्याकडचा. हक्क सांगायला नाही, नुसता बघायला, असं तो म्हणाला. डाळिंबीला त्याचा वास गेला आणि ती मागच्या भिंतीला चिकटून थरथरू लागली. तू त्याला म्हणालीस, "मी काय बोलत न्हाय. ती काय बोलत्या ते बग." तो बघत राहिला. मग तू त्याला चहा दिलास.

तो गेल्यावर मी तुझ्यावर तुटून पडले. असल्या माणसाला चहा? त्याला दारातूनच हाकलायला हवं होतं. तू म्हणालीस, "हाकलला तर त्यो दुसरं घोडं घील आणि त्येच करंल. बसवला तर निदान बघंल तरी."

"असली माणसं बदलत नाहीत, आक्का."

"तुला म्हाईत?"

तो नंतरही वर्षातून दोनतीनदा यायचा. चाऱ्याला उसाचं वाडं आणून टाकायचा आणि बाहेरच उभा राहायचा. त्यानं शर्यती सोडल्या का, हे तू त्याला कधी विचारलं नाहीस. मी विचारणार होते, पण तू डोळ्यांनी गप्प केलंस. परवा तो तुझ्या दारात येऊन गेला. मी अजूनही म्हणते की चहा द्यायला नको होता. पण मी त्याला दिला. तू असतीस तर दिला असतास, एवढंच कारण. पटलं म्हणून नाही.

तुझ्या शेवटच्या आजारात मी दोनदा दवाखान्यात आले. न्यूमोनिया, छातीत कफ, तोंडावर मास्क. मास्कमुळे तुला बोलता येत नव्हतं आणि आम्ही सगळ्यांनी मास्क लावल्यामुळे तुला आमचे ओठ दिसत नव्हते. मी माझा मास्क खाली ओढला तर नर्सनं कन्नडमधून झापलं. तेवढ्यात मी तुला राखी आणि डाळिंबी बरी आहेत एवढंच सांगू शकले. तू हातानं विचारलंस, खाल्लं का? मी मान हलवली.

बाहेर व्हरांड्यात तुझी लेक मंगल उभी होती. ती तशी शांत बाई, वडगावात घरी पिको-फॉल करते. ती मला म्हणाली, "गवताच्या धुळीनं आईची छाती गेली. तुमीच ती घोडी तिच्या गळ्यात घातली, डाक्टरीणबाई. तिनं आमच्यापेक्षा त्यास्नीच जास्त दिस दिले." तूच शेड देऊ केलीस हे खरं. पण घोड्यांची सोय लागली म्हणून मोकळं झाल्यासारखं वाटलं ते मला, आणि तुझ्या वयाच्या बाईला हे झेपेल का, हे मी विचारलंच नाही, हेही खरं. मंगल चुकीचं बोलली असं मी म्हणणार नाही. आणि तू ते काम कुणाला सोडून दिलं असतंस, असंही मला वाटत नाही.

आता जे कधीच बोलले नाही ते.

मोतियाला दोर लावले त्या दिवशी दुपारी तीन वाजता तालुक्याच्या ऑफिसात माझी मीटिंग होती. अळ्या एक रात्र थांबल्या असत्या. तू बरोबर होतीस, आणि मला ते तेव्हाही माहीत होतं. मी जखमेवर पावडर टाकून सकाळी परत येऊ शकले असते. पण परत यायचा कंटाळा होता, चार माणसं जमवली होती, आणि एका बिनशिकल्या म्हातारीनं मला कान बघायला सांगावं याचा थोडा रागही होता. त्याची फुप्फुसं खराब होती हे खरं आहे. पण ते कारण मला नंतर सापडलं. आधी सापडली होती ती घाई.

तुझ्या "आसंल"मध्ये हे सगळं तुला कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. आणि तरीही डाळिंबीच्या वेळी तू दुसरा डॉक्टर शोधला नाहीस. मलाच बाहेर उभं केलंस आणि बघायला लावलंस. जनावराचा विश्वास कसा मिळवावा हे मी तुझ्याकडून शिकले असं मी लोकांना सांगते. पण तू माझ्यावर विश्वास ठेवलास, मोतियानंतरही ठेवलास, याची परतफेड मी काय केली हे मला माहीत नाही.

काल मी शेडवर गेले. वाटलं होतं, मंगल म्हणेल, घेऊन जा ही घोडी. मी दोनचार ठिकाणी विचारूनही ठेवलं होतं. ती दारात उभी होती, आत जायला भीत होती. लहानपणापासून तिला मोठ्या जनावराची भीती. राखी म्हातारा, तो कुणाजवळही येतो. तो आला आणि तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले. डाळिंबी मागच्या भिंतीशी उभी होती, कान आमच्याकडे, पाय जागच्या जागी.

मी म्हटलं, "मंगल, नको असतील तर सांग. मी सोय बघते."

तिनं शेडच्या मधोमध नजर टाकली. मग म्हणाली, "आई कुटं बसायची?"

मी जागा दाखवली. ती आत गेली नाही. उंबऱ्यावरच टेकली, अर्धी आत, अर्धी बाहेर. मी तिला शिकवायला लागले, पाठ कर, डोळ्यांत बघू नको, हात वर नेऊ नको. तिनं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग अगदी तुझ्यासारखं मला हातानंच गप्प केलं.

"डाळिंबी आज येणार नाही," मी म्हटलं. "उद्याही कदाचित नाही."

"न्हाय आली तर न्हाय आली," मंगल म्हणाली. "मी परवा बी येणार हाय."